तट शाबूत, विहीर गेली: मिनेर्वच्या चुनखडकाची गोष्ट

किल्ला पडतो तो तट फुटल्यावर किंवा फितुरी झाल्यावर, असं आपण शाळेपासून धरून चालतो. वेढ्यांचे वृत्तांत वाचत गेलं की तिसरं कारण वारंवार भेटतं: पाणी संपलं. आणि ते का संपलं हे शोधायचं तर पुष्कळदा इतिहासाचं पुस्तक मिटून भूगर्भशास्त्राचं उघडावं लागतं. दक्षिण फ्रान्सच्या एरो जिल्ह्यातलं मिनेर्व हे चिमुकलं गाव याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आहे.

सेस आणि ब्रियां या दोन नद्यांच्या दऱ्या जिथे मिळतात, तिथे मधोमध एक उंच सुळका उरलाय. त्याच्या माथ्यावर हे गाव. जवळजवळ सगळीकडून सरळसोट कडे आणि पठाराशी जोडणारी खडकाची एक चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर किल्ला होता. बाराव्या-तेराव्या शतकात या मुलखात कॅथार पंथाचा जोर होता. भौतिक जग ही दुष्ट शक्तीची निर्मिती, असं मानणारे, मांस वर्ज्य करणारे आणि चर्चचे संस्कार नाकारणारे हे लोक. १२०९ साली पोप तिसरा इनोसंट याच्या आदेशावरून त्यांच्याविरुद्ध धर्मयुद्ध सुरू झालं, जुलैत बेझिए शहरात कत्तल झाली आणि पुढच्याच उन्हाळ्यात धर्मयुद्धाचा सेनापती सिमाँ द माँफोर याची फौज मिनेर्वसमोर येऊन ठाकली.

आता खडकाकडे वळू. दरीत उतरून कड्याचा दगड जवळून पाहिला तर त्यात तांदळाच्या दाण्याएवढे गोलसर, लांबट ठिपके दिसतात. हे अल्व्हिओलिना नावाच्या एकपेशीय समुद्री जिवांचे सांगाडे. पाच कोटींहून अधिक वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी हे सांगाडे आणि चुन्याचा चिखल साचत गेला आणि त्याचा चुनखडक झाला.

या चुनखडकाचं पाणी काय करतं? पाऊस हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन येतो, पण आम्लता खरी वाढते ती मातीत. मुळं आणि जिवाणू यांच्या श्वसनामुळे मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्यापेक्षा दहापट, कधी शंभरपट असतो. त्यातून झिरपलेलं पाणी म्हणजे सौम्य कार्बॉनिक आम्ल. चुनखडक असतो कॅल्शियम कार्बोनेटचा, साध्या पाण्यात जवळजवळ न विरघळणारा. या आम्लाशी गाठ पडली की त्याचं कॅल्शियम बायकार्बोनेट होतं आणि ते पाण्याबरोबर वाहून जातं.

इथवर दहावीचं रसायनशास्त्र. खरं कोडं यापुढे आहे, आणि ते मला अतिशय प्रिय आहे. खडकातली मूळ भेग केसाइतकी बारीक. तिच्यात पाणी इतकं हळू सरकतं की पहिल्या काही हातांतच ते चुन्यानं संपृक्त व्हायला हवं, आणि संपृक्त पाणी आणखी काही विरघळवू शकत नाही. मग शंभर मीटर आतला दगड कोण खातं? या हिशेबानं भेगांची फक्त तोंडं रुंदावली असती, आत सगळं ठोस राहिलं असतं आणि लांब गुहा तयारच झाल्या नसत्या.

उत्तर सापडलं ते प्रयोगशाळेत विरघळण्याचा वेग काटेकोर मोजल्यावर. पाणी संपृक्ततेपासून जितकं दूर, तितका वेग जास्त. सुरुवातीला हे प्रमाण सरळ असतं. अंतर निम्मं झालं की वेगही निम्मा. पण संपृक्तता नव्वद टक्क्यांच्या आसपास पोचली की नियमच बदलतो. वेग त्या अंतराच्या साधारण चौथ्या घातानं घटू लागतो. आता अंतर निम्मं झालं तर वेग सोळाव्या हिश्शावर येतो! त्यामुळे पाणी पुरतं संपृक्त व्हायला प्रचंड वेळ लागतो. उरलेली थोडी भूक घेऊन ते शेकडो मीटर आत शिरतं आणि वाटभर अगदी सावकाश दगड खात जातं.

भेग रुंदावू लागली की दुसरा नियम मदतीला येतो. अरुंद भेगेतून वाहणारं पाणी रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं: रुंदी दुप्पट, प्रवाह आठपट. जास्त प्रवाह म्हणजे ताजं आम्ल आणखी खोलवर. शेवटी अशी वेळ येते की नव्वद टक्क्यांची ती रेषा गाठण्याआधीच पाणी पलीकडून बाहेर पडतं. त्या घडीपासून भेगेच्या सबंध लांबीला वेगवान नियम लागू होतो. शेजारच्या असंख्य भेगा मागे पडतात. एकच नळी पुढे जाते आणि सगळं पाणी स्वतःकडे ओढते.

मिनेर्वपाशी सेस पूर्वी मोठी वळणं घेत वाहायची. खडकाच्या पोटात असे मार्ग तयार झाल्यावर तिनं ती वळणं सोडली आणि ती सरळ डोंगरातून वाहू लागली. तिचे दोन बोगदे, म्हणजेच नैसर्गिक पूल, आजही आहेत. मोठा २०० मीटरांहून लांब, धाकटा १०० मीटरांच्या आसपास. ज्या दऱ्यांनी गावाला अजिंक्य केलं, त्या याच पाण्यानं कोरल्या.

पण ज्या खडकात पाणी इतक्या सहज वाट काढतं, त्याच्या माथ्यावर ते टिकणार कसं? पडलेला पाऊस भेगांतून थेट खाली जातो. रायगडावर गंगासागर भरतो, शिवनेरीवर कातळात खोदलेली टाकी पाणी धरतात, कारण बसाल्टचे घट्ट थर पाणी अडवतात. (आपल्याकडचे पाणाडे तळहातावर नारळ उभा करून ‘इथे नदी वाहतेय’ असं छातीठोकपणे सांगतात. जमिनीखालच्या खऱ्या नद्या चुनखडकात असतात. बसाल्टमध्ये पाणी असतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत, आणि ते शोधायला भूजलतज्ज्ञ लागतो, नारळ नव्हे.) मिनेर्वची भिस्त होती ती कड्याच्या पायथ्याशी असलेल्या सँ-रुस्तिक विहिरीवर. गावातून तिथवर आच्छादित वाट उतरायची.

माँफोरनं नेमका त्याच वाटेवर मारा धरला. दरीपलीकडे त्यानं दगडफेकीची यंत्रं उभारली. त्यांतलं सगळ्यात मोठं ‘माल्व्वाझीन’, म्हणजे दुष्ट शेजारीण. एका रात्री गावातले काही जण चरबी, ताग आणि सुकी लाकडं टोपल्यांत भरून गुपचूप दरी ओलांडून गेले आणि त्यांनी यंत्राला आग लावली. नेमका त्याच वेळी यंत्रावरचा एक माणूस लघवीला उठला होता. तो ओरडला, भाल्यानं जबर जखमी झाला, पण छावणी जागी झाली. धर्मयुद्धाचा वृत्तांत लिहिणारा पिएर हा भिक्षू म्हणतो की दोन फेका हुकल्या, तेवढाच काय तो खंड. विहिरीची वाट उद्ध्वस्त झाली, ऐन उन्हाळ्यात पाणी संपलं आणि गावचा सरदार गिलेम बोलणी करायला बाहेर आला.

पोपचा प्रतिनिधी आर्नो आमोरी यानं अट घातली: पंथ सोडाल तर जीव वाचेल. जुलै १२१० मध्ये १४० कॅथार स्त्री-पुरुषांनी ती नाकारली आणि त्यांना जिवंत जाळण्यात आलं. या धर्मयुद्धातलं हे पहिलं मोठं अग्निकांड.

या लोकांनी येशूचा पवित्र चषक दडवून ठेवला होता, या गोष्टीवर आज पुस्तकं आणि सहली खपतात. त्याला काडीचाही समकालीन पुरावा नाही. खऱ्या माणसांच्या मरणावर अशी खजिन्याची कथा चढवणं मला संतापजनक वाटतं. प्रत्यक्षात उरलंय ते पुरेसं मोलाचं आहे. किल्ल्याच्या बुरुजाचा एक अष्टकोनी तुकडा उभा आहे. सँ-एतिएन चर्चमध्ये नार्बोनचा बिशप रुस्तिकस याच्या काळची, ४५६ सालचा कोरीव लेख असलेली संगमरवरी वेदी आहे. दरीपलीकडे दगडफेकी यंत्राची प्रतिकृतीही ठेवलेली आहे.

उन्हाळ्यात सेस कोरडी पडते आणि दोन्ही बोगद्यांतून पायी जाता येतं. सोबत विजेरी न्या आणि भिंतीवर अल्व्हिओलिनाचे दाणे शोधा. पावसाची चिन्हं असतील तर मात्र आत शिरू नका. भूमध्य सागरालगतच्या या भागात नद्यांना बघता बघता पूर येतो.