प्रताधिकार-संशयवाद

प्रताधिकार (कॉपीराइट) म्हणजे राज्याने ठरावीक मुदतीसाठी दिलेला मक्ता होय, आणि त्याचा लाभ बहुधा लेखक-कलावंतापेक्षा त्याच्याकडून हक्क विकत घेणाऱ्या कंपनीला होतो, असे मानणाऱ्या विचारांना स्थूलमानाने हे नाव दिले जाते. ह्या विचारांत एकवाक्यता नाही. प्रताधिकार मुळातूनच नाकारणारे थोडे. मुदत, शिक्षा आणि अपवाद यांविषयी हरकती घेणारे पुष्कळ. मुंबईत त्याला स्वतंत्र पंथ किंवा संघटना अशी लाभली नाही. न्यायनिवाडे, व्यवसायातले तंटे आणि फुटपाथवरचा व्यवहार यांतूनच तो हाती लागतो. लॅमिंग्टन रस्त्यावरील (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) नाझ इमारतीत चित्रपट वितरकांच्या कचेऱ्या, आणि त्याच रस्त्यावर संगणक जोडून देताना परवान्याविना सॉफ्टवेअर ‘टाकून’ देणारी दुकाने, असा शेजार या शहराने बराच काळ पाहिला.

कायद्याचा उगम १७१० च्या इंग्लिश अधिनियमात धरतात. त्यात नव्या पुस्तकांना १४ वर्षे, आणि लेखक हयात असल्यास आणखी १४ वर्षे संरक्षण होते. हा हक्क शाश्वत असल्याचा लंडनच्या ग्रंथविक्रेत्यांचा दावा १७७४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने फेटाळला. संशयवादी मांडणी आजही याच निकालापासून सुरू होते. भारतीय परंपरेत अशी मालकी नव्हती, हा मुद्दा मराठीत वारंवार येतो. अभंग, ओवी व लावणी मुखोद्गत राहिली आणि बाडांतून उतरली. नक्कल करणे हे पुण्यकर्म मानले गेले. उलटपक्षी, अभंगाच्या शेवटी येणारी कवीची नाममुद्रा हीच कर्तृत्वाची नोंद होय, असेही म्हटले जाते. नाममुद्रा शब्द कोणाचे ते सांगते, प्रती कोणी काढाव्यात हे सांगत नाही. त्यामुळे आजच्या कायद्यातील आर्थिक हक्कापेक्षा कलम ५७ मधील लेखकाच्या विशेष हक्काशी (कर्तृत्व सांगण्याचा व कृतीची विटंबना रोखण्याचा हक्क) तिचे नाते अधिक जवळचे मानणे सयुक्तिक ठरते.

कंपनी सरकारच्या मुलखात इंग्रजी प्रताधिकार लागू होतो की नाही याविषयी शंका होती, ती दूर करण्यासाठी १८४७ चा अधिनियम (क्र. २०) झाला. मुदत लेखकाची हयात व त्यानंतर सात वर्षे, किंवा ४२ वर्षे, यांपैकी जी जास्त ती. मात्र भाषांतराचा हक्क कोणाचा, याविषयी त्यात स्पष्ट तरतूद नव्हती. मुंबई इलाख्यात ही उणीव महत्त्वाची ठरली, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी गद्य मोठ्या प्रमाणावर भाषांतरांवर व रूपांतरांवर पोसले होते. क्रमिक पुस्तके तर बहुतांशी इंग्रजीवरूनच बेतलेली. मॅकमिलन या इंग्रज प्रकाशनसंस्थेने गणिताच्या आपल्या क्रमिक पुस्तकांच्या उर्दू भाषांतरांविरुद्ध दावा लावला, तेव्हा भाषांतर म्हणजे ‘प्रत’ नव्हे, सबब त्याने प्रताधिकाराचा भंग होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १८९५ मध्ये दिला. दाव्यातील पुस्तके उर्दू असली, तरी निर्णयाचा आधार मराठी व गुजराती भाषांतरकारांनाही तितकाच मिळत होता.

ह्या निर्णयाचा अर्थ दोन तऱ्हांनी लावला जातो. काही अभ्यासक त्यात देशी भाषांच्या ज्ञानव्यवहाराला दिलेली मुभा पाहतात. इतरांच्या मते न्यायालयाने केवळ शब्दार्थाला धरून कायदा वाचला. धोरणाचा विचार त्यामागे नव्हता. दुसरे मत निवाड्याच्या तर्काशी जास्त जुळते, पण परिणाम पहिल्या मताच्या बाजूचा झाला हे खरे. बर्न या आंतरराष्ट्रीय प्रताधिकार करारानंतर (१८८६) ब्रिटनचे धोरण बदलत गेले. तरीही १९१४ च्या भारतीय अधिनियमात ब्रिटिश हिंदुस्थानात प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांपुरता भाषांतराचा अनन्य हक्क दहा वर्षांवरच थांबवला होता. १९५७ च्या अधिनियमाने (अंमल २१ जानेवारी १९५८ पासून) ती मर्यादा काढली आणि तिच्या जागी, प्रकाशनानंतर सात वर्षांनी भाषांतराचा सक्तीचा परवाना मागण्याची सोय कलम ३२ मध्ये ठेवली. विकसनशील देशांना अशा सवलती मिळाव्यात म्हणून भारताने बर्न कराराच्या फेरविचारासाठी भरलेल्या १९६७ च्या स्टॉकहोम परिषदेत धरलेला आग्रह याच परंपरेतला म्हणता येईल.

राजकीय अंगाने पाहता महात्मा गांधींचे उदाहरण मुंबईच्या दृष्टीने लक्षणीय आहे. ‘हिंद स्वराज’च्या १९१० च्या इंग्रजी आवृत्तीवर कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत, अशी सूचना छापली होती. मूळ गुजराती पुस्तकावर त्याच वर्षी मुंबई सरकारने बंदी घातली. ६ एप्रिल १९१९ च्या सत्याग्रहात बंदी असलेली पुस्तके मुंबईच्या रस्त्यांवर उघडपणे विकण्यात आली. किंमत चार आणे होती, पण बहुतेकांनी जास्तच पैसे दिले. विकली गेली ती नवी आवृत्ती आहे, बंदी घातलेली नव्हे, अशी भूमिका घेऊन सरकारने कारवाई टाळली, असे गांधींनीच नमूद केले आहे.

चित्रपटसंगीतात वाद निर्माता विरुद्ध कलावंत असा आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी ध्वनिमुद्रिकांच्या रॉयल्टीवरून लता मंगेशकर व मोहम्मद रफी यांच्यात मतभेद झाले आणि काही काळ दोघांनी एकत्र गाणी गायली नाहीत. रफींचे मत, मानधन घेतले की गायकाचा संबंध संपला. लताबाईंना हे मान्य नव्हते. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी १९६९ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी स्थापन झाली. परंतु चित्रपटासाठी मोबदला देऊन करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, निर्माताच असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ठरवले. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या निकालाला जोडलेल्या टिपणीत गायक-वादकांना काहीच हक्क नसल्याबद्दल खंत व्यक्त केली आहे. पुढची पस्तीस वर्षे गीतकारांकडून सर्वहक्क एकरकमी लिहून घेण्याची रीत चालू राहिली. २०१२ च्या दुरुस्तीने, चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा समान वाटा करारानेही सोडून देता येणार नाही, अशी तरतूद केली. राज्यसभेचे तेव्हाचे नामनियुक्त सदस्य जावेद अख्तर यांनी तिचा जोरदार पाठपुरावा केला होता. कोळीगीते, भीमगीते व लोकनाट्याच्या कॅसेटींसाठी गाणी देणाऱ्या शाहिरांना ह्या सुधारणेचा मागे जाऊन उपयोग झाला नाही.

कॅसेटचे युग हे संशयवाद्यांचे आवडते उदाहरण. ग्रामोफोन कंपनीच्या (एचएमव्ही) दीर्घ मक्तेदारीला १९८० च्या दशकात सुपर कॅसेट्स (टी-सिरीज) या कंपनीने धक्का दिला. मूळ गाणी दुसऱ्या गायकांकडून गाऊन घेऊन स्वस्त कॅसेटी काढण्यास तेव्हाच्या कलम ५२(१)(ञ) मध्ये वाट होती. विहित सूचना द्यावी, ठरलेली रॉयल्टी भरावी, की झाले. कॅसेट स्वस्त झाली, ती चहाच्या टपरीपर्यंत गेली आणि प्रादेशिक संगीताला बाजारपेठ मिळाली. हीच कंपनी पुढे आपल्या हक्कांबाबत अत्यंत दक्ष झाली. मायस्पेस या संकेतस्थळाविरुद्धचा तिचा खटला दिल्ली उच्च न्यायालयात २०१६ पर्यंत गाजला. २०१२ मध्ये जुनी वाट बुजवून तिच्या जागी पाच वर्षांची प्रतीक्षा घालणारे कलम ३१ग आले.

व्हिडिओ चाचेगिरीला उद्देशून १९८४ मध्ये किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा ठरली, शिवाय पोलिसांना वॉरंटाविना जप्तीचा अधिकार मिळाला. महाराष्ट्राने त्यापुढचे पाऊल टाकले. झोपडपट्टी गुंड व हातभट्टीवाले यांच्यासाठी केलेल्या १९८१ च्या प्रतिबंधक स्थानबद्धता अधिनियमात (एमपीडीए) २००९ मध्ये ‘दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती (व्हिडिओ पायरेट्स)’ हा वर्ग घालण्यात आला. खटला न चालवता बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध ठेवण्याची त्यात सोय आहे. दिवाणी स्वरूपाच्या हक्काला गुंडाविरोधी कायद्याचे बळ देण्यावर नागरी हक्कांच्या अंगाने आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप वजनदार आहे, कारण अशा कारवाईचा मार मुख्यत्वे सीडी विकणाऱ्यावर पडतो; चित्रपटाची ‘मास्टर प्रिंट’ बाहेर काढणारा व्यवसायातलाच कोणी असला, तरी तो क्वचितच सापडतो.

चाचेगिरीच्या पैशाचा संघटित गुन्हेगारीशी संबंध आहे का, हा वादग्रस्त मुद्दा आहे. रँड या अमेरिकी संस्थेच्या २००९ च्या अहवालात दाऊद इब्राहिमच्या डी-कंपनी या टोळीचे उदाहरण ठळकपणे येते. त्या अभ्यासाला हॉलिवूडच्या निर्मात्यांच्या संघटनेचे अर्थसाहाय्य होते. अमेरिकेच्याच सोशल सायन्स रिसर्च कौन्सिलच्या २०११ च्या अभ्यासाने, ज्यात भारतावर स्वतंत्र प्रकरण आहे, असे पद्धतशीर संबंध आढळत नाहीत, आणि चाचेगिरीचे मूळ प्रामुख्याने किमतीत आहे, असे म्हटले. स्वस्त प्रत काढणे सर्वांच्या हाती आल्यावर गुन्हेगारी टोळ्यांना त्यात मिळकत उरत नाही, हा त्यातील युक्तिवाद दक्षिण मुंबईतील मनीष मार्केट व मुसाफिरखाना परिसरातील किरकोळ व्यापाराला बऱ्यापैकी लागू पडतो. नोएडाच्या मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ व डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, तेव्हा अधिकृत प्रत रस्त्यावरच्या प्रतीच्या भावाला येऊन भिडली होती. नुकसानीच्या आकड्यांविषयीही असाच संशय आहे. बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्सने २०११ साठी भारतातील विनापरवाना सॉफ्टवेअरचे प्रमाण ६३ टक्के सांगितले. अशा प्रत्येक प्रतीची पूर्ण किंमत म्हणजे बुडालेली विक्री, हे गृहीतक लॅमिंग्टन रस्त्यावरून पहिला संगणक नेणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत टिकत नाही.

इंटरनेटवर ‘जॉन डो’ (भारतात ‘अशोक कुमार’) आदेशांचा, म्हणजे अज्ञात प्रतिवादींविरुद्ध सरसकट मनाईचा, प्रघात पडला. मद्रास उच्च न्यायालयाच्या अशाच आदेशानंतर काही सेवा-पुरवठादारांनी वैध संकेतस्थळेही बंद केली. त्याच्या निषेधार्थ ९ जून २०१२ रोजी देशातील अनेक शहरांत निदर्शने झाली. मुंबईत आझाद मैदानावर ‘व्ही फॉर व्हेंडेटा’ चित्रपटातले मुखवटे घालून तरुण जमले होते. त्या मुखवट्याच्या रचनेचे हक्क एका बड्या अमेरिकी चित्रपट कंपनीकडे आहेत, हा भाग वेगळा. मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी २०१६ मध्ये एका हिंदी चित्रपटाच्या प्रकरणात सरसकट बंदी नाकारून प्रत्येक दुव्यामागे पुरावा मागितला. बंद केलेल्या पानांवर, नुसते ‘पाहणे’ हाही शिक्षापात्र गुन्हा असल्याचा इशारा झळकत होता; तो कायद्याला धरून नसल्याचे सांगून त्यांनी मजकूर बदलायला लावला. या विषयावरील मुंबईच्या निवाड्यांत हा सर्वांत उपयुक्त मानावा लागेल.

सामान्य माणसाचा प्रताधिकाराशी संबंध येतो तो हळदीला, वरातीत किंवा मंडपात गाणी वाजवताना. कलम ५२(१)(यक) नुसार धार्मिक विधी, तसेच लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभ यांना परवाना लागत नाही. तरीही सभागृहांकडून पैसे मागितले जातात. ह्या सवलतीचा विस्तार करणारे गोवा शासनाचे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले.

मुदतीच्या प्रश्नावर मराठी वाचकाला लागू पडणारी दोन उदाहरणे आहेत. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्याचा प्रताधिकार १९९१ अखेर संपत होता, म्हणून मृत्यूनंतरची ५० वर्षांची मुदत ६० करण्यात आली. परिणामी साने गुरुजींचे (निधन ११ जून १९५०) हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २००१ ऐवजी १ जानेवारी २०११ रोजी खुले झाले. त्यानंतर त्यांच्या पुस्तकांच्या अनेक प्रकाशकांच्या आवृत्त्या निघाल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य २०१७ च्या आरंभी मुक्त झाले. परंतु राज्य शासनाने १९७९ पासून काढलेल्या त्यांच्या लेखन व भाषणांच्या खंडांची टंचाई तरीही हटली नाही, आणि डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला वृत्तपत्रातील बातमीवरून स्वतःहून दखल घ्यावी लागली. छपाईचा कागद गोदामात पडून होता. टंचाईचे खापर केवळ प्रताधिकारावर फोडणाऱ्यांनी हे उदाहरण विचारात घ्यावे.

शैक्षणिक क्षेत्रात दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाविरुद्ध तीन विदेशी प्रकाशकांनी लावलेल्या दाव्याचा निकाल (२०१६) प्रमाणभूत आहे. प्रताधिकार हा अटळ, दैवी किंवा नैसर्गिक हक्क नव्हे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मुंबईच्या महाविद्यालयांबाहेरील झेरॉक्सवाल्यांना त्याने अप्रत्यक्ष अभय मिळाले. केंद्र शासनाच्या ‘एक देश, एक सदस्यता’ योजनेने (नोव्हेंबर २०२४, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये) सरकारी संस्थांना विदेशी नियतकालिके उपलब्ध केली. पैसा त्याच प्रकाशकांकडे जातो, हा टीकेचा मुद्दा कायम आहे. मराठी पुस्तकांच्या व दिवाळी अंकांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरतात. त्यात मोठी कंपनी कोणीच नसून तोटा छोट्या प्रकाशकाचा होतो. संशयवादी लेखन या बाबतीत सहसा मौन पाळते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांमुळे बाजू बदलू लागल्या आहेत. आपल्या बातम्या प्रशिक्षणासाठी परवान्याविना वापरल्याबद्दल एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. त्यात सामील होण्यासाठी भारतीय ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने २०२५ च्या आरंभी अर्ज केला. टी-सिरीज आणि पूर्वीच्या एचएमव्हीची वारसदार सारेगामा या तिच्या सभासदांपैकी आहेत.