ग्रिडला जोडलेलं असावं, पण वेळेला सुटताही यावं

30 जुलै 2012, रात्री अडीचच्या सुमाराला बीना-ग्वाल्हेर ही 400 केव्हीची (चार लाख व्होल्टची) लाईन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, आणि बघता बघता दिल्लीसकट अख्खा उत्तर भारत अंधारात गेला. लाईट कशीबशी आली, तर दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला परत तेच, आणि यावेळी उत्तर, पूर्व, ईशान्य तिन्ही ग्रिड, म्हणजे वीजकेंद्रं आणि गावंशहरं जोडणारी तारांची जाळी, बसले. साठ कोटींच्या वर लोक राहतात त्या भागातली वीज गेली, ट्रेन जागच्या जागी थांबल्या, बंगालमध्ये कामगार कोळसा खाणीत अडकले.

ग्रिडमधले सगळे जनरेटर लेझीमच्या फडासारखे एकाच तालावर चालतात, सेकंदाला 50 आवर्तनं. एक लाईन तुटली की तिचा लोड शेजारच्या लाईनवर जातो, तिलाही तो झेपला नाही की ती जळू नये म्हणून रिले हे संरक्षक यंत्र तिला बंद करतं, मग पुढची, मग त्याच्या पुढची, आणि माणसाने फोन उचलेपर्यंत सगळं संपलेलं असतं.

पण त्या दोन दिवसांत महाराष्ट्र-गुजरात चालू राहिले ना! कारण उत्तरेकडे जाणाऱ्या लाईन तुटल्यामुळे पश्चिम ग्रिड वेगळा पडला. आणि पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. औष्णिक केंद्र सुरू करायलाही आधी वीज लागते, पंप आहेत, पंखे आहेत, कोळसा दळायच्या गिरण्या आहेत, तर उत्तरेतली बंद पडलेली केंद्रं परत उभी करायला पश्चिमेकडून वीज दिली गेली. म्हणजे तुटल्यामुळे पश्चिम वाचली आणि परत जोडल्यामुळे उत्तर उठली.

मग प्रत्येकाने आपापलं वेगळंच राहावं का? तर अजिबात नाही. टेक्सासने आपला ग्रिड मुद्दाम वेगळा ठेवलाय, फेब्रुवारी 2021 च्या थंडीत तिथली वीजकेंद्रं आणि गॅसपुरवठा गारठून बंद पडला तेव्हा शेजारच्या राज्यांतून पुरेशी वीज आणायला लाईनच नव्हत्या, दोनशेच्या वर माणसं दगावली. आपण उलट केलं, 31 डिसेंबर 2013 ला सोलापूर-रायचूर लाईनने दक्षिणही जोडून घेतली, आणि ते बरोबरच केलं.

फक्त सुटायची सोय नुसती कागदावर असून चालत नाही. मुंबईला आयलंडिंगची व्यवस्था आहे, म्हणजे बाहेर गडबड झाली की शहराने वेगळं व्हायचं आणि स्वतःच्या विजेवर तगायचं. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी कळवा-पडघ्याकडच्या लाईन गेल्या तेव्हा मुंबई वेगळी झालीही, पण आतली निर्मिती लोडच्या मानाने फारच कमी होती, लोकल थांबल्या, आणि काही भागांत तर वीज यायला रात्र झाली.

आता छतावर सोलर बसवणाऱ्यांचं. साधा ऑनग्रिड, म्हणजे ग्रिडला जोडलेला, बिनबॅटरीचा सोलर असेल तर लाईट गेल्यावर भर उन्हातही तो बंद पडतो, आणि लोकांना वाटतं फसवलं आपल्याला! पण पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून देणारा त्याचा इन्व्हर्टर ग्रिडच्या तालावरच चालतो, शिवाय तुमच्या छतावरून लाईनमध्ये करंट गेला तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर असेल तर तो घराला ग्रिडपासून तोडून स्वतःचा ताल धरतो, लाईट आली की परत जोडून घेतो. महाग आहे, प्रत्येक घराला परवडणार नाही, पण गावातलं आरोग्य केंद्र आणि पाणीपुरवठ्याचा पंप यांना तरी तो आधी मिळाला पाहिजे.