ग्राउब्युंडेनची मगर: शंभर वर्षांचं इंजिन अजून रुळावर कसं?

स्वित्झर्लंडच्या पूर्वेला ग्राउब्युंडेन नावाचा प्रांत आहे. सपाट जमीन शोधावी लागेल असा मुलूख. तिथल्या रेटिशे बान या रेल्वेचं जाळं एक मीटर रुंदीच्या रुळांवर पसरलं आहे. आपण मीटरगेज आणि नॅरोगेज वेगळे मोजतो, युरोपात मात्र मीटरगेजही अरुंदच धरतात. या रेल्वेने 1921 ते 1929 या काळात विजेची पंधरा तपकिरी इंजिनं घेतली. कागदोपत्री त्यांचं नाव जीई 6/6 वन, पण बोलताना सगळे म्हणतात क्रोकोडिल, म्हणजे मगर. पुढे एक लांब नाक, मागे तसंच दुसरं, मध्ये ड्रायव्हरची केबिन आणि वळणावर तीन तुकड्यांत वाकणारं अंग. नाव शोभतं. पंधरापैकी 414 आणि 415 या दोन मगरी आजही गाड्या ओढतात.

हे इंजिन जन्माला आलं ते कोळशाच्या टंचाईतून. स्वित्झर्लंडकडे पाणी मुबलक, कोळसा जवळजवळ नाही. पहिल्या महायुद्धात कोळशाची आयात आटली, भाव कडाडले आणि सगळ्या देशाच्या रेल्वेची पंचाईत झाली. रेटिशे बानचं नशीब असं, की विजेचा प्रयोग तिने आधीच करून ठेवला होता. बेव्हर ते श्कुओल हा एंगाडिन खोऱ्यातला मार्ग 1913 मध्ये सुरू झाला तोच विजेवर. 11,000 व्होल्ट एसी, पण वारंवारता फक्त 16⅔ हर्ट्झ, कारण त्या काळच्या मोटरींना 50 हर्ट्झ झेपत नसे. हीच पद्धत 1919 मध्ये आल्बुला घाटात आली आणि 1922 पर्यंत कंपनीच्या मूळ जाळ्यावर सगळीकडे तारा लागल्या.

खरी परीक्षा आल्बुलाची होती. टुझिसहून सेंट मॉरिट्झला जाणाऱ्या या मार्गावर हजार मीटरला 35 मीटरचा चढ आहे, म्हणजे साधारण 29 मीटरला 1 मीटर. आपला बोरघाट 37 ला 1 आहे, आणि तिथेही गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागतात. आल्बुलात दातेरी रूळ नाही, चाकाच्या पकडीवरच सगळा भार. एंगाडिनसाठी घेतलेली इंजिनं या चढावर जड गाड्यांना पुरी पडेनात. नव्या इंजिनात ताकद हवी, सगळं वजन चालत्या चाकांवर हवं आणि ते तीव्र वळणांवर वाकायलाही हवं.

मगरीचा आकार यातूनच ठरला, शोभेसाठी नाही. त्या काळची मोटर अवाढव्य, मीटरगेजच्या दोन चाकांमधल्या चिंचोळ्या जागेत ती मावणं शक्यच नव्हतं. म्हणून तीन-तीन आसांच्या, म्हणजे चाकांच्या तीन-तीन जोड्यांच्या, दोन बोगी (चाकांचे गाडे) केल्या आणि प्रत्येक बोगीच्या वर, नाकात, एकेक मोटर बसवली. मोटरीचा जोर दातेरी चाकांतून एका आडव्या शाफ्टवर यायचा आणि तिथून वाफेच्या इंजिनासारख्या दांड्यांनी चाकांपर्यंत पोचायचा. ट्रान्सफॉर्मर मधल्या भागात. 6/6 म्हणजे सहापैकी सहाही आस चालते, त्यामुळे 66 टनांचा प्रत्येक किलो पकडीच्या कामी आला. ताकद सुमारे 800 किलोवॅट, वेग ताशी 55 किलोमीटर. यांत्रिक भाग विंटरथुरच्या एसएलएम कारखान्याचा, विजेचा भाग ब्राउन बोव्हेरी आणि ओर्लिकॉनचा.

एसएलएम हे नाव मुंबई-पुणे मार्गाच्या रेल्वेवेड्यांना परकं नाही. याच कारखान्याने जीआयपी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वज, रेल्वेसाठी 1928 च्या सुमारास ब्रॉडगेजची मगर बनवली. आपल्याकडे तिला खेकडा म्हणू लागले, पुढे वर्गाचं नाव पडलं डब्ल्यूसीजी-1. एकूण 41 खेकडे आले. पहिले दहा विंटरथुरचे, बाकीचे इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीचे. तेच वाकणारं अंग, तेच दांडे, फक्त वीज 1500 व्होल्ट डीसी. घाटात मालगाड्या चढवण्यात त्यांची हयात गेली.

तिकडे 1958 पासून नव्या इंजिनांनी मगरींचं काम हळूहळू काढून घेतलं. निर्णायक घाव बसला 1973 आणि 1984-85 मध्ये आलेल्या जीई 4/4 टू या इंजिनांचा. वजन 50 टन, ताकद 1,700 किलोवॅट, वेग 90. मगरीपेक्षा हलकं आणि दुपटीहून जोरकस. दांड्यांच्या इंजिनाला याच्याशी स्पर्धा करणं अशक्य होतं. बऱ्याच मगरी भंगारात निघाल्या. 402 ल्युत्सर्नच्या वाहतूक संग्रहालयात गेली, 411 म्युनिकच्या डॉइचेस म्यूझियमकडे. 407 बेर्ग्युन स्थानकाजवळ उभी आहे. तिथे 2012 मध्ये आल्बुला रेल्वेचं संग्रहालय झालं आणि आता तिच्या केबिनमध्ये बसून पडद्यावरच्या आल्बुला मार्गावर गाडी चालवता येते. कल्पना छान आहे, पण माझ्या लेखी खरी किंमत 414 आणि 415 ची. लांडक्वार्टच्या मुख्य कारखान्यात त्यांची देखभाल होते. दाव्होस ते फिलिझुर या टप्प्यात त्या जुने डबे घेऊन, 88 मीटर उंचीच्या वीझेन पुलावरून जातात, तेही साध्या तिकिटावर.

हे जमलं ते निव्वळ हौसेमुळे नाही. रेटिशे बानच्या मूळ जाळ्यावरच्या तारांमध्ये आजही तीच वीज आहे, 1913 ची. व्होल्टेज तेच, वारंवारताही व्यवहारात तीच. 1921 चं इंजिन आणि कालपरवा कारखान्यातून आलेली गाडी एकाच तारेखाली धावू शकतात. मगर चालू ठेवायला तिची विजेची व्यवस्था बदलावी लागली नाही. बेअरिंग, दांडे, मोटरींची गुंडाळी सांभाळली की झालं, अर्थात तेवढंही सोपं नाहीच.

खेकड्याच्या वाट्याला हे आलं नाही. सर लेस्ली विल्सन नावाचा खेकडा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाकडे गेला, दुसरा एक मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राकडे. विल्सन मुंबईचे गव्हर्नर, म्हणून ते नाव. मध्य रेल्वेने मात्र पुढे 25,000 व्होल्ट एसी स्वीकारली. 2016 पर्यंत मुंबईतला 1500 व्होल्ट डीसीचा शेवटचा तुकडाही बदलला. आता एखादा खेकडा खिळ्या-बोल्टापर्यंत दुरुस्त केला, तरी बोरघाटात त्याला चालवेल अशी तार डोक्यावर उरलेली नाही.