हाडपेर, वजनाचे तक्ते आणि बीएमआय: एका वगळलेल्या मोजमापाची पार्श्वभूमी

बीएमआयला, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्याला, स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, हा आक्षेप आता सर्वतोमुखी झाला आहे. पिळदार खेळाडू 'लठ्ठ' ठरतो आणि सडपातळ दिसणारा मधुमेही 'नॉर्मल', ही उदाहरणेही सगळ्यांना पाठ आहेत. त्यामानाने हाडपेराचा प्रश्न मागे पडतो. सारख्याच उंचीच्या दोन माणसांपैकी एक रुंद हाडाचा असेल आणि दुसऱ्याची चण नाजूक असेल, तर दोघांना एकच वजन योग्य कसे? बीएमआय दवाखान्यात रुळण्याआधी सुमारे चाळीस वर्षे वजनाच्या तक्त्यांत या प्रश्नासाठी स्वतंत्र रकाने होते. ते कसे आले आणि का गेले, हे माहीत नसेल तर आजचा वाद अर्धवटच कळतो.

सूत्र स्वतः १८३०च्या दशकातले. 'सरासरी माणूस' कसा असतो याचा शोध घेणाऱ्या एका बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाला असे दिसले की प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लठ्ठपणा हा त्याचा विषय नव्हता. पुढची शंभरेक वर्षे वजनाची खरी चिंता वाहिली ती आयुर्विमा कंपन्यांनी, कारण विमेदार किती जगतो यावर त्यांचा हिशेब उभा होता. सुरुवातीच्या त्यांच्या तक्त्यांत वय वाढेल तसे सरासरी वजनही वाढत जाई.

वळण आले ते १९४२-४३ मध्ये. अमेरिकेतील एका मोठ्या विमा कंपनीने आधी स्त्रियांसाठी आणि मग पुरुषांसाठी 'आदर्श वजना'चे तक्ते काढले. त्यांत वयाचे रकाने गेले आणि त्यांच्या जागी बांध्याचे तीन आले: लहान, मध्यम, मोठा. कल्पना अगदी योग्य होती. अडचण एवढीच की बांधा ओळखायचा कसा, हे तक्त्यात कुठेच सांगितलेले नव्हते. विमेदारांच्या उंची-वजनाच्या नोंदी होत्या, पण त्यांची मनगटे, कोपर किंवा खांदे कुणी मोजलेच नव्हते. एकाच उंचीच्या लोकांच्या वजनाचा पसारा तीन भागांत विभागून त्यांना बांध्यांची नावे दिली गेली. म्हणजे हलका तो लहान बांध्याचा आणि जड तो मोठ्या बांध्याचा, असा उलटा हिशेब झाला. १९५९ मध्ये सुमारे ५० लाख विमेदारांच्या नोंदींवरून नवे तक्ते निघाले. 'आदर्श' ऐवजी 'इष्ट' असा शब्द आला, आकडे बदलले, पण रकाने तसेच राहिले आणि बांध्याची व्याख्या याही वेळी झाली नाही.

परिणाम व्हायचा तोच झाला. डॉक्टर नजरेने बांधा ठरवू लागले आणि रुग्ण सोयीने. पोट सुटलेल्या माणसाला आपली मुळातलीच हाडे मोठी आहेत असे म्हणायला तक्त्यानेच जागा करून दिली. आजही हाडपेराचा विषय काढला की ही पळवाट म्हणून झिडकारली जाते, त्याचे मूळ या व्याख्याहीन रकान्यांत आहे. दोष मोजणी न करणाऱ्यांचा होता, बट्टा मात्र हाडपेराच्या कल्पनेला लागला.

१९८३ मध्ये त्याच कंपनीने तक्ते पुन्हा सुधारले, तेव्हा ही चूक दुरुस्त करण्याचा प्रामाणिक प्रयत्न झाला. मोजमाप ठरले कोपराच्या रुंदीचे. हात समोर पसरायचा, कोपरात काटकोनात वर वाकवायचा, मनगटाची आतली बाजू अंगाकडे ठेवायची आणि कोपराच्या दोन्ही बाजूंच्या ठसठशीत हाडांमधले अंतर मापायचे. कोपर निवडण्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. तिथे चरबीचा थर पातळ असतो, त्यामुळे माणूस जाड झाला तरी मापात फारसा फरक पडत नाही. एक इंच टाचेच्या बुटांसह ५ फूट ८ ते ११ इंच उंची भरणाऱ्या पुरुषाचे कोपर पावणेतीन ते तीन इंच असेल तर बांधा मध्यम, त्याहून कमी तर लहान, जास्त तर मोठा. स्त्रियांसाठी वेगळी मापे होती.

त्या तक्त्यातली एकच ओळ पाहिली तरी बांध्याला किती महत्त्व दिले होते ते कळते. ५ फूट १० इंच पुरुषाला लहान बांध्यासाठी १४४ ते १५४ पौंड, मध्यमसाठी १५१ ते १६३ आणि मोठ्यासाठी १५८ ते १८० पौंड. या टोकापासून त्या टोकापर्यंत ३६ पौंडांचे, म्हणजे १६ किलोंहून अधिक अंतर! या आकड्यांत बुटांची एक इंच टाच आणि कपड्यांचे ५ पौंड धरलेले आहेत. ते वजा करून बीएमआय काढला तर पट्टा साधारण २०.५ ते २५.८ असा येतो. २५.८ हा आकडा ध्यानात ठेवावा. त्याचे काम पुढे आहे.

पण याही तक्त्याचा एक सांधा कच्चा राहिला. वजने घेतली होती १९५४ ते १९७२ या काळातल्या सुमारे ४२ लाख विमेदारांच्या अभ्यासातून. कोपरांची मापे आली ती मात्र १९७०च्या दशकातल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतून. वजने एका समूहाची, कोपर दुसऱ्याच समूहाचे. खालच्या २५ टक्क्यांना लहान, वरच्या २५ टक्क्यांना मोठा आणि मधल्या निम्म्यांना मध्यम म्हणायचे, हेही सोयीने ठरलेले. रुंद कोपराचा माणूस १८० पौंडांवर खरोखरच दीर्घायुषी होतो का, हे कुणी तपासलेच नव्हते. त्यात नवी वजने १९५९ पेक्षा चढी निघाल्याने वाद पेटला. धूम्रपान करणारे लोक वजनाने हलके असतात आणि लवकर मरतात, त्यामुळे कमी वजन उगीचच धोक्याचे दिसते, ही टीका रास्तच होती. त्या गदारोळात कोपराचा मुद्दा बाजूलाच पडला. उंचीला मनगटाच्या घेराने भागून बांधा ठरवण्याची पद्धतही तेव्हा आहारतज्ज्ञांत वापरात होती: पुरुषांत १०.४ च्या वर लहान, ९.६ च्या खाली मोठा. तिचेही हेच झाले.

तोवर पर्याय तयार होता. १९७२ मध्ये पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांच्या मोजमापांवरून एका अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाच्या गटाने वेगवेगळ्या निर्देशांकांची तुलना केली, आणि जुन्या बेल्जियन सूत्राला बीएमआय हे नाव दिले. त्यांचा दावा माफक होता: हा निर्देशांक पूर्णपणे समाधानकारक नसला तरी इतरांपेक्षा वाईट नाही. हाच शास्त्रज्ञ विमा तक्त्यांचा कडवा टीकाकार होता, आणि कधी मोजलाच नाही, धड व्याख्याही केली नाही अशा बांध्यावर त्याचा विशेष रोष होता. राग योग्य होता. पण न मोजलेली गोष्ट मोजून पाहायची, की विषयातूनच काढून टाकायची? व्यवहारात दुसरे झाले.

१९८५ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेने पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ बीएमआय ही अतिवजनाची रेषा आखली. ती विशीतल्या तरुणांच्या ८५व्या शतमकावरून, म्हणजे शंभरातले ८५ जण ज्याच्या खाली येतात त्या आकड्यावरून, घेतली होती. बांध्याची जोड दिल्याने चरबीचा अंदाज फारसा सुधारत नाही, असे काही अभ्यास सांगत होते. सरासरी पाहता ते खरे असेल. बहुतेक लोक दोन्ही टोकांच्या मधेच असतात. पण प्रश्न नेहमीच दोन्ही टोकांच्या माणसांचा होता, आणि सरासरीत तीच बुडतात. १९९८ मध्ये रेषा २५ वर आली आणि कोट्यवधी अमेरिकन एका रात्रीत 'अतिवजनी' झाले. वरचा २५.८ वाला रुंद हाडाचा पुरुष त्यांतच आला. पंधरा वर्षांपूर्वी त्याचे वजन तक्त्यात बसत होते.

गंमत नव्हे, पण न्याय म्हणावा असे पुढे घडले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस सिंगापूरमधील चिनी, मलय आणि भारतीय वंशाच्या लोकांत असे आढळले की चरबीचे प्रमाण युरोपीय लोकांइतके असूनही त्यांचा बीएमआय साधारण ३ अंकांनी कमी भरतो. कारण शोधताना संशोधकांनी मनगट आणि गुडघ्याची रुंदी मोजली, पायांची लांबी धडाच्या तुलनेत पाहिली, आणि फरकाचा बराचसा उलगडा तिथेच झाला. हाडपेर बारीक असले की हाडांचे आणि स्नायूंचे वजन कमी, म्हणून त्याच बीएमआयमध्ये चरबीचा वाटा जास्त. हाडपेराचे बोट धरून आजवर लोक स्वतःच्या वजनाला सूट मागत होते. या निष्कर्षाने बारीक चणीच्या माणसाला उलट इशारा दिला. २००४ मध्ये एका भारतीय आणि एका ब्रिटिश संशोधकाने स्वतःचीच मापे छापली: दोघांचाही बीएमआय २२.३, पण ब्रिटिशाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि भारतीयाच्या २१.२ टक्के.

धोरणात मात्र हाडपेर उतरले नाही, वंश उतरला. २००० मध्ये आशिया-प्रशांत भागासाठी अतिवजनाची २३ आणि लठ्ठपणाची २५ अशा रेषा सुचवल्या गेल्या. २००४ मध्ये जागतिक पातळीवरच्या तज्ज्ञांनी मूळ रेषा कायम ठेवून २३ आणि २७.५ हे जादा 'कृती टप्पे' दिले, कारण वेगवेगळ्या आशियाई समूहांत धोका २२ ते २५ पर्यंत कुठेही सुरू होताना दिसत होता. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी २३ आणि २५ स्वीकारले. या बदलाने असंख्य लोकांचा मधुमेह वेळेत तपासला गेला असणार, आणि तो करणे आवश्यकच होते. तरीही अख्ख्या खंडाला एक आकडा लावणे म्हणजे मनगट मोजण्याऐवजी पारपत्र पाहणे. रुंद हाडाचे आशियाई आणि नाजूक चणीचे युरोपीय यांची सोय त्यात नाही.

गेल्या काही वर्षांत एकट्या बीएमआयवर विसंबू नका, हे अधिकृतपणे मान्य झाले आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने तसे धोरण घेतले. जानेवारी २०२५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने लठ्ठपणा ठरवताना बीएमआयच्या जोडीला कमरेचा घेर, कंबर-नितंब गुणोत्तर किंवा कंबर-उंची गुणोत्तर यांपैकी किमान एक मोजमाप घ्यावे, अथवा चरबी थेट मोजावी, असे सुचवले. चरबी कुठे साठली आहे हे कंबर सांगते, आणि धोक्याच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे आहे. पण कंबरेवरून सांगाडा किती रुंद आहे ते कळत नाही. ते कळायला डेक्सासारखी (क्ष-किरणांनी हाडे आणि चरबी मोजणारी) महागडी तपासणी हवी, किंवा साधी मोजपट्टी. कोपराची रुंदी आणि मनगटाचा घेर या नव्या यादीतही नाहीत.