सिझरनंतर नॉर्मल: ‘ताबडतोब’ या शब्दाची पार्श्वभूमी

इंदूरला रामबागेत काय किंवा लोकमान्यनगरात काय, दुसऱ्या बाळंतपणाचं बोलणं निघालं की घरातली मोठी माणसं निकाल देऊन मोकळी होतात: पहिलं सिझर, म्हणजे हेही सिझरच.

हे वाक्य १९१६ सालचं, न्यूयॉर्कच्या एका प्रसूतितज्ज्ञाचं. खरं तर तो बजावत होता की पहिलंच सिझर विनाकारण करू नका. तेव्हा गर्भपिशवीवर उभा छेद घेत आणि तो पुढच्या कळांत उसवण्याची भीती मोठी होती. पुढे खालच्या भागातला आडवा छेद रुळला. असा एकच छेद असेल तर कळा सोसताना तो उसवण्याचं प्रमाण हजारात साधारण पाच ते नऊ. प्रयत्न करणाऱ्या चार जणींपैकी जवळपास तिघी नॉर्मल बाळंत होतात. अमेरिकेत १९९६ मध्ये आधी सिझर झालेल्यांपैकी २८ टक्के बायका नॉर्मल बाळंत झाल्या होत्या.

मग १९९९ साल आलं. तिथल्या तज्ज्ञांच्या संघटनेने एक शब्द बदलला. तातडीचं सिझर करू शकणारा डॉक्टर आधी ‘सहज उपलब्ध’ असला तरी चालत होतं, आता तो ‘ताबडतोब उपलब्ध’ हवा झाला. व्रण उसवल्याच्या घटना आणि कोर्टकज्जे यांची त्यामागे पार्श्वभूमी होती, हे मान्य. पण ही अट भक्कम अभ्यासावर नव्हे, तज्ज्ञांच्या मतावर उभी होती. ताबडतोब म्हणजे किती मिनिटं, इमारतीत की गावात, हेही नीट सांगितलेलं नव्हतं. लहान रुग्णालयांनी त्याचा सरळ अर्थ लावला: आपल्याकडे हे नकोच. २००४ पर्यंत ते २८ टक्के दहाच्याही खाली घसरले. २०१० मध्ये भाषा सौम्य झाली, धोका समजून घेऊन निवड करण्याचा बाईचा हक्क मान्य झाला. पण बंद झालेली दारं तेवढ्याने उघडली नाहीत.

आपल्याकडे हा नियम लागू नाही, अडचण मात्र तीच आहे. छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बहुधा बोलावल्यावर येतात. रात्री दोन वाजता कोण हजर असेल, रक्त कुठून येईल, यावर सगळं ठरतं. बाईच्या धीरावर नाही. आणि प्रश्न वाढतोच आहे: २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या खासगी रुग्णालयांत ४७ टक्के प्रसूती सिझरने झालेल्या दिसतात. प्रत्येक सिझरगणिक पुढच्या खेपेला वार (प्लॅसेंटा) जुन्या व्रणात रुतण्याचा धोकाही चढत जातो. मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण घरात त्याबद्दल कुणी बोलतच नाही.

अजून एक घोळ टाक्यांचा. पोटावरचा व्रण आडवा, म्हणून आतला छेदही आडवाच असेल असं नाही. ते पहिल्या ऑपरेशनच्या कागदावर कळतं. ‘एलएससीएस’ लिहिलेलं असेल तर छेद पिशवीच्या खालच्या भागातला. माहेरच्या गावी झालेल्या पहिल्या बाळंतपणाचा तो कागद सासरी क्वचितच पोचतो. सातव्या महिन्याआधी तो मागवून घ्यावा.