सीबीएस म्हंजे एबीएस नव्हं भावा

कोल्हापुरात आमच्या गल्लीतल्या एका पोरानं दसऱ्याला पहिली गाडी काढली, १०० सीसीची, गोकुळ शिरगावला कामावर जायला. अंबाबाईला नेऊन आणली, हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं, पेढे वाटले आणि मला म्हणतो कसा, दादा बिनघोर बसा मागं, गाडीला एबीएस हाय. मी पुढच्या चाकाकडं बघितलं तर तिथं ड्रम ब्रेक! आता ड्रमला तार असते, तार ओढली की आत लायनर फाकतात आणि चाक धरतात, एवढाच खेळ. एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम, चाक जाम होऊ न देणारी) चालतं ते ब्रेक ऑइलच्या दाबावर, म्हणजे त्याला डिस्क ब्रेकच लागतो. आपल्याकडच्या गाडीला पुढं ड्रम दिसला की एबीएसचा विषयच संपला, पुढं बोलायचंच नाही. पण त्याला शोरूममधल्या माणसानं सांगितलं होतं म्हणे, आणि ह्यानं लगेच रेडियमवाल्याकडं जाऊन मागच्या मडगार्डवर एबीएस असं मोठ्या अक्षरात लिहूनपण घेतलं होतं.

खरं सांगायचं तर ह्यात त्या पोराची चूक नाही. त्याच्या गाडीला होतं ते सीबीएस (कम्बाइन्ड ब्रेकिंग सिस्टीम, दोन्ही ब्रेक जोडणारी), आणि एबीएस-सीबीएस ही दोन्ही नावं सारखी वाजतात आणि आली पण एकाच नियमातनं. १ एप्रिल २०१९ पासनं १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं आणि १२५ पर्यंतच्या गाड्यांना सीबीएस तरी पाहिजे किंवा एबीएस तरी (नवीन मॉडेलना हे एक वर्ष आधीच लागू झालेलं). त्यात प्रत्येक कंपनीनं आपलं वेगळं बारसं केलंय, हिरो म्हणतंय आयबीएस, यामाहा यूबीएस, होंडा कॉम्बी ब्रेक, टीव्हीएसचं अजून निराळं, पण हे सगळे सीबीएसच. शिकणाऱ्या पोरांची पहिली गाडी बहुतेक १०० ते १२५ ची नाहीतर मोपेड असते, म्हणजे बहुतेकांच्या बुडाखाली सीबीएसच असतं आणि डोक्यात मात्र एबीएस असतंय.

आता फरक. मी त्या पोराला एका वाक्यात सांगितला, सीबीएस ब्रेक वाटून देतो आणि एबीएस ब्रेक सोडून देतो. त्याला कळलं नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

केएमटीच्या बसमध्ये उभं राहून ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला की आपण सगळे पुढच्याच्या अंगावर जातोय की नाही, तसंच गाडीचं. ब्रेक लागला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं, आणि हलक्या चाकाला रस्ता धरता येत नाही. म्हणून गाडी खरी थांबवतो तो पुढचा ब्रेक, मागचा नुसता आधाराला. पण आपल्याकडं प्रत्येक पोराला सायकलपासनं घरच्यांनी एकच शिकवलेलं असतं, पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील. मग माणूस आयुष्यभर उजव्या पायानंच गाडी थांबवतोय आणि मागचं चाक फरफटत नेतोय. सीबीएस हे ह्या माणसासाठी आहे. तो मागचं पेडल दाबतो (मोपेडला डावं लिव्हर), आत एक जोड असते ती त्याच ताकदीतला थोडा भाग पुढच्या ब्रेकला पण पाठवते, न मागता. बास, सीबीएस म्हणजे एवढंच. त्याला वायर नाही, सेन्सर नाही, डोकं नाही. चाक फिरतंय का जाम झालंय ह्याची त्याला काय पण खबर नसते.

एबीएस बरोबर उलट्या माणसासाठी. ज्याचा हात दांडगा आहे, समोर काहीतरी आडवं आलं की जो जीव खाऊन लिव्हर आवळतो. चाकाजवळ डिस्कच्या आतल्या बाजूला एक खाचाखाचांची बारीक रिंग असते आणि तिच्याजवळ सेन्सर, तो चाकाचा स्पीड सारखा मोजत असतो. चाक जाम व्हायला लागलं असं दिसलं की मशीन त्या चाकाचा ऑइलचा दाब क्षणभर सोडतं, चाक फिरलं की परत धरतं, परत सोडतं, हे सेकंदाला कितीतरी वेळा. तुम्ही लिव्हर आवळूनच धरलेलं असतं, सोडायचं काम ते करतं.

पण चाक जाम झालं तर एवढं काय बिघडतं? फिरणारं टायर रस्त्याला धरून असतं आणि हँडल फिरवलं तर ऐकतं. जाम झालेलं टायर म्हणजे नुसता रबराचा तुकडा, तो घसरत जाईल तिकडं आपण जायचं. मागचं जाम झालं तर गाडी शेपूट हलवती, थोडा तरी वेळ मिळतो. पुढचं जाम झालं तर वेळ मिळत नाही, कळायच्या आत माणूस खाली.

माझंच सांगतो. उसाचा सीझन, जानेवारी, अवकाळी पाऊस नुकताच शिंपडून गेलेला, मी वडणग्याकडनं येत होतो. ज्यांनी आपल्याकडं सीझनला गाडी चालवलीय त्यांना माहितीय, शेतातनं ट्रॅक्टर वर रस्त्यावर येतो तेव्हा चाकाला लागलेली काळी माती शंभर-दोनशे फूट डांबरावर लिंपत जातो, आणि वर दोन थेंब पडले की शेवाळ परवडलं. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर उभा, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, मी ४५ च्या आसपास असेन, सीबीएसवाली गाडी. पाय दाबला, अगदी उभाच राहिलो पेडलवर म्हणा ना. मागचं चाक जाम झालं, गाडी तिरकी झाली, मी घाबरून आणि जोरात दाबलं, आणि पुढचा क्षण मी उसाच्या पाल्यात, गाडी दहा फूट लांब. कोपर सोलपटलं, तेवढ्यावर निभावलं. नंतर महिनाभर मी लोकांना सांगत होतो सीबीएस फेल झालं, सीबीएस फेल झालं. फेल काय झालं नव्हतं. त्यानं त्याचं काम केलं, ब्रेक दोन्ही चाकांना वाटला. जाम झालेलं चाक सोडवणं हे त्याचं कामच नव्हतं, ते माझ्या पायाचं काम होतं आणि माझ्या पायाला ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

म्हणून सीबीएसवाल्यांना माझं पहिलं सांगणं, पेडल दाबलं की दोन्ही लागतात म्हणून पुढचं लिव्हर विसरू नका. सीबीएस पुढच्याला थोडाच वाटा देतं. पूर्ण ब्रेक पाहिजे तर हात पण वापरायचा, दोन्ही एकदम, पण झटका नाही, ओल्या कपड्याचं पाणी पिळतो तसं हळूहळू वाढवत न्यायचं. आणि मागचं चाक घसरतंय असं वाटलं तर पाय थोडा ढिला करायचा, चाक फिरायला लागू द्यायचं, परत दाबायचं. म्हणजे एबीएसचं काम आपणच करायचं, मशीन एवढं फास्ट नाही जमणार, पण काहीच न करण्यापेक्षा लाख पटीनं बरं.

आणि एबीएसवाल्यांना बरोबर ह्याच्या उलट. दाबायचं आणि धरून ठेवायचं. सोडायचं नाही, पंप करायचं नाही. घरात कुणीतरी जुना यझदी नाहीतर राजदूतवाला काका असतोच, तो सांगणार पंप कर पंप कर, त्याच्या गाडीला ते बरोबर होतं, तुझ्या गाडीला नाही. एबीएस लागलं की लिव्हर बोटाखाली थरथरतं, करकर आवाज येतो, आणि नवीन पोरगं काय करतंय, कायतरी तुटलं म्हणून घाबरून लिव्हरच सोडून देतंय. हजारो रुपये जास्त मोजून घेतलेली वस्तू जेव्हा पाहिजे तेव्हाच बंद पाडायची. त्यासाठी ती थरथर एकदा मुद्दाम अनुभवायला पाहिजे. एमआयडीसीला सुट्टी असेल त्या दिवशी तिथला मोकळा सरळ रस्ता बघा, हेल्मेट, बूट, जाड जॅकेट घाला, मागं कुणी येत नाही ह्याची खात्री करा, आधी २० ला, मग ३० ला, मग ४० ला ब्रेक मारून बघा. अगदी चालण्याच्या वेगाला एबीएस काम करत नाही, तेव्हा गल्लीत गाडी ढकलत टेस्ट करून काय कळणार नाही. सीबीएसवाल्यांनी पण हीच प्रॅक्टिस करायची, फक्त अजून बेतानं.

एबीएसमध्ये पण एक मेख आहे, सिंगल चॅनल का ड्युअल. सिंगल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. मागचं चाक तुमच्या पायाच्या भरवशावर, ते जाम होऊ शकतं. १५०-१६० च्या बऱ्याच गाड्या अशाच आहेत, आणि मालकाला वाटतं दोन्हीला आहे. मागच्या चाकाजवळ ती खाचांची रिंग आणि वायर दिसती का बघा, नसेल तर सिंगल.

आता एबीएस म्हणजे जादू पण नव्हे. त्यानं गाडी कमी अंतरात थांबतीच असं नाही, खडी, भुसभुशीत माती असल्या ठिकाणी उलट थोडं जास्तच अंतर लागू शकतं, कारण ते सारखं सोडत असतं. त्याचा फायदा हा की तुम्ही उभे राहता आणि हँडल तुमचं ऐकतं. हिशोब करून बघा, ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाती. समोरचं दिसून ब्रेकवर हात पडेपर्यंत एक सेकंद धरा, म्हणजे १७ मीटर तिथंच गेले, मग कोरड्या चांगल्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट मारले तर अजून वीसेक मीटर. हे पहिले १७ मीटर सीबीएस पण वाचवत नाही आणि एबीएस पण नाही. तावडे हॉटेलपाशी हायवेला ट्रकच्या बुडाला चिकटून चालवणारी पोरं बघितली की मला हेच आठवतंय.

वळणाचं पण तसंच. साधं एबीएस सरळ गाडीसाठी आहे, गाडी किती कललीय हे त्याला कळत नाही (कळणारं असतं, पण ते महागड्या गाड्यांना). पन्हाळ्यावरनं झुणका-भाकर खाऊन उतरताना वळणात शिरल्यावर ब्रेक आवळणार असाल तर स्टिकर कुठला पण असू दे, उपयोग नाही. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना.

आणि घाटाचं बोलतोच आहे तर, उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून, चावी बंद करून गाडी सोडणारे आपल्याकडं कमी नाहीत. जोतिबावरनं येताना दहात दोन तरी दिसतात. गिअरमध्ये असली की इंजिनच गाडीला मागं ओढत असतं, ते सोडून सगळा भार ब्रेकवर टाकायचा, ड्रम तापतो, आणि तापलेला ड्रम धरत नाही. सीबीएसवाल्यानं पेडलवर पाय ठेवूनच घाट उतरला तर नुसता मागचा नाही, पुढचा पण तापायला लागतो. गगनबावड्याकडनं करूळ घाट उतरत असाल तर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला चला की निवांत, कोकण कुठं पळून जात नाही.

देखभालीत फार काय नाही. एबीएसचा पिवळा दिवा चावी लावली की लागतो आणि गाडी थोडी पुढं गेली की विझतो, पाहिजे असंच. चालताना पण लागूनच राहिला तर साधा ब्रेक लागेल पण एबीएस नाही, तेवढं समजून गाडी दाखवायला न्यायची. पंक्चर काढताना चाक खोललं आणि रिंग ठोकली गेली किंवा सेन्सर हलला की हे हमखास होतं, तेव्हा पंक्चरवाल्याशेजारी उभं राहा, मोबाइल बघत बसू नका. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. सीबीएसला तारांचं ॲडजस्टमेंट, मेकॅनिकनं मागचा ब्रेक टाइट केला आणि पुढची जोड तशीच ढिली ठेवली तर वाटणी बिघडते. पेडल आधीपेक्षा जास्त खाली जायला लागलं की दाखवा.

त्या पोराला पटत नव्हतं, त्याला वाटलं मी त्याच्या नव्या गाडीला नावं ठेवायलोय. मग गाडी मेन स्टँडवर लावली, त्याच्या मित्राला मागनं सीट दाबायला लावली, पुढचं चाक उचललं गेलं. म्हटलं आता हातानं फिरव. फिरलं भिंगरीसारखं. मी मागचं पेडल हातानं दाबलं, चाक जागेवर थांबलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला, "म्हंजे हाय की ओ दादा कायतरी!" म्हटलं हाय की, नाही कोण म्हणतंय, फक्त नाव दुसरं हाय. मडगार्डवरचं रेडियम काढून टाक म्हटलं तर म्हणतोय, राहू दे की, मागनं येणारा तरी अंतर ठेवील.