वाड्याचे संग्रहालय करायचे आहे? गवंडी बोलावण्याआधी हे वाचा

ठाण्यातल्या जुन्या आळ्यांतून किंवा बेलापूर-पनवेलकडून आम्हा वाड्यांची कामे करणाऱ्या आर्किटेक्टांना येणारा पहिला फोन बहुधा असाच असतो, "भिंती आम्ही नीट करून घेतल्यात, तुम्ही फक्त डिझाइन द्या." घोडे इथेच अडते. नीट करून घेतल्या म्हणजे जुना चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट मारलेले असते आणि वर ऑइलपेंट.

चुन्यातली भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि पुढे हवेत सोडते. सिमेंटने तोंड बंद केले की ओल आतच वर चढते, लोणा म्हणजे पांढरा क्षार फुटतो, पापुद्रे सुटतात. ते निदान दिसतात तरी. भिंतीत गेलेली तुळईची टोके मात्र गुपचूप कुजतात. वरून लाकूड ठणठणीत आणि टोकाशी स्क्रू-ड्रायव्हर लोण्यात जावा तसा जातो. मग सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढा, विटा सांभाळा, भिंत सुकण्याची वाट पाहा. यात एक हंगाम सहज जातो. गळत असेल तर कौले सारखी करा, पन्हळी साफ करा, ताडपत्री टाका. पाहणी होईपर्यंत भिंतीला हात नको.

आमचे चुनाकाम महाग पडते, हे खरे. चुना मुरवावा लागतो, सुरखी म्हणजे विटांची पूड चाळावी लागते, पातळ थर एकेक करून सुकू द्यावे लागतात. दराची तुलना करताना सिमेंट काढण्याचा खर्चही धरावा, एवढेच म्हणणे.

दुसरा ठरलेला आग्रह, "नवा भागही जुन्यासारखाच दिसू दे, महिरपी घाला." आम्ही घालत नाही. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वे सांगणाऱ्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतही नवी भर आपल्या काळाची ओळख सांगणारी असावी असेच म्हटले आहे. युद्धात उद्ध्वस्त झालेले बर्लिनचे नॉयेस म्युझियम आर्किटेक्ट डेव्हिड चिपरफील्ड यांच्या आराखड्याने 2009 मध्ये पुन्हा उघडले. तिथे उरलेले जपले आहे आणि पडलेले साध्या नव्या बांधकामाने भरले आहे, त्यामुळे जुने कुठले ते पाहणाऱ्याला कळते. निव्वळ जीर्णोद्धार पाहायचा तर भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय जवळच आहे.

लिफ्ट, स्वच्छतागृहे, एसीची यंत्रे, भांडार हे सगळे नव्या इमारतीत. तिचा पाया वेगळा, आणि दोन्हींमध्ये काचेचा हलका जोडमार्ग, म्हणजे नवे बांधकाम बसताना जुन्या भिंतीला ओढत नाही. माजघर अंधारे म्हणून भिंतीत नवी खिडकी पाडायची घाईही नको. जुने कागद आणि कापड यांना साधारण 50 लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचे एकक) वर प्रकाश देऊ नये असा संग्रहालयांचा संकेत आहे. दप्तरे, पैठण्या, पागोटी यांच्यासाठी माजघरासारखी जागा शोधून सापडणार नाही!

पाहणीला येताना आम्हाला मालमत्तेचा उतारा आणि घरातले जुने फोटो लागतात, लग्नातले, मुंजीतले, कसलेही. मागे भिंत दिसली की झाले. वास्तू हेरिटेज यादीत असेल तर परवानगीचे कागद आम्हीच तयार करतो. पाहणीची फी वेगळी आहे, पण काम आमच्याकडे दिल्यास ती बिलातून वळती होते. पाहणी शक्यतो ऐन पावसात ठेवा, तेव्हा ओल कुठून येते ते भिंतच दाखवते.